सिंकच्या जागेचा तुकडा

बारामती, १२ मार्च २०२५

ती. रंगूअक्कास,
धाकट्या सिद्धूचा सा. न. वि. वि.

फोन असताना कागद कशाला, म्हणून दाजी हसतील. पण पेन केलं की ते चालवून बघायला पानभर लिहावं लागतं, आणि तुझ्याशिवाय मी लिहिणार कुणाला? सोबतचं पेन तुझं. पांढरा भाग ओळखलास का? तुझा ओटा बसवताना सिंकच्या जागेचा कापून काढलेला तुकडा आहे तो. अ‍ॅक्रिलिकचा म्हणून तू त्याला खोटा दगड म्हणाली होतीस. हिरवा भाग भिगवण रोडच्या एका फ्लॅटमधला.

चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं पॉलिश पेपरनं खरखरीत करायची, स्पिरीटनं पुसायची, मग गोंद. क्लॅम्प मात्र बेतानं आवळायचा. जोर केला की गोंद सगळा बाहेर येतो, जोड कोरडा राहतो आणि लेथवर पेन कातताना तुटतो.

सध्या ओट्यांची कामं घेत नाही. उजवा खांदा धरलाय. काळजी नको. तुझी माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
सिद्धू

पळसदेव, २ एप्रिल २०२५

चि. सिद्धूस,
अ. उ. आ.

पेन झकास. दाजी ते खिशाला लावून मासळीच्या लिलावात मिरवतात आणि विचारेल त्याला आमच्या ओट्याचं हाय म्हणून सांगतात. लोक त्यांच्या तोंडाकडं बघत राहतात. इकडं धरणाचं पाणी उतरलंय, जुनं देऊळ वर आलंय.

तुझ्या पत्राची पहिली ओळ भाकरीएवढी आणि शेवटची मुंग्यांची रांग. बारामतीत कागद महागला का, असं चिडवणार होते. पण राहवेना, बानूला फोन केला. आधी तिनं टाळलं, मग रडली. नवऱ्याच्या शर्टाची बटणं आता मीच लावते म्हणाली. खांदा धरल्यावर बटणं कशी अडतात रे? फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. कागदावर खरं लिही.

तुझी पाठराखीण,
अक्का

बारामती, २० एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

खांदा नाही, अक्का. कंपवात आहे. गोळ्या चालू आहेत. अक्षर बारीक होत जातं, तेही त्यातच आलं म्हणे.

फेब्रुवारीत एका बंगल्यात सिंकची जागा कापताना कटर रेघ सोडून गेला. ओट्याची अख्खी पाटी वाया. मालक ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं पाणी दिलं आणि दंडाला धरून मला खुर्चीत बसवलं. त्यानंतर कटर हातात घेतला नाही.

चिकटवायला अजून जमतं. तुकडे जुळवले की पुढं धरून ठेवायचं काम क्लॅम्पचं. लेथ मात्र सुटली. तुझ्या ओट्याचा उरलेला पांढरा तुकडा आणि सांगवीच्या घरी आईच्या ओट्याचा काळा, असे दोन चिकटवून ठेवले होते. त्यांचं पेन माझ्या हातून व्हायचं राहिलं. तो ठोकळा तसाच पाठवतोय. इंदापूरला कुणाकडून तरी करून घे.

एवढं लिहायला सकाळ गेली. यापुढं मी सांगेन आणि बानू लिहील. मुंग्या वाचायला लावून तुझ्या डोळ्यांना कशाला छळू?

सिद्धू

पळसदेव, १८ मे २०२५

चि. सिद्धूस,
खूप खूप आशीर्वाद.

ठोकळा घेऊन इंदापूरला गेले होते. लेथवाल्यानं हातात घेऊन जोडावर नख फिरवलं, कुठंच अडलं नाही. कुणी चिकटवलंय विचारलं. भावानं म्हणाले, आणि त्याच्या हातातून काढून परत पिशवीत टाकला. दुसऱ्या कुणाच्या हातचं पेन मला नको. ठोकळा ओट्यावर आहे, पोळपाटाशेजारी. भाकरी थापताना पीठ उडतं त्याच्यावर. मी पुसते.

बानूचं अक्षर मोत्यासारखं असेल, पण ते बानूचं. तिनं तिचं वेगळं पत्र लिहावं. तुझं तू लिही. सकाळ जाऊ दे, आठवडा जाऊ दे, दोनच ओळी येऊ देत.

इंदापूरला गेलेच होते, तर चष्म्याच्या दुकानातही जाऊन आले. जाड भिंगाचा मागितला. दुकानदार म्हणाला, मावशी, तुमच्या डोळ्यांना एवढ्या नंबरची गरज न्हाय. मी म्हणाले, मला हाय, तू बसव.

वाट बघतेय,
रंगूअक्का