दोनशे नऊ ते दोनशे छप्पन

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट आहोत आणि तुम्हीही असाल असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण गेले पाच महिने तुझा फोन येतो तो थेट तुझ्या भावजयीला, आणि ती तुझ्या तब्येतीबद्दल मला ‘बऱ्या आहेत’ या दोन शब्दांपलीकडे काही पुरवत नाही. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? भाऊजींचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? (आलं नसेल तर घाई करू नका. गेल्या खेपेला ते बंद असतानाच भाऊजी मला घरात सगळ्यांत आनंदी दिसले.)

तुझा अबोला कशामुळे आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्या स्वयंपाकघरात उभा राहून मी म्हणालो की ती कादंबरी अठ्ठेचाळीस पानांनी जास्त आहे. कुठली ते लिहायची गरज नाही. घर सोडून गेलेला माणूस म्हातारा होऊन परततो ती, जिच्यातली एक ओळ जरी काढली तरी पाप लागेल असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस ती. तू हातातला डाव खाली ठेवलास आणि म्हणालीस, “तू पुस्तकं शिवतोस रे, वाचत नाहीस.” आणि आत निघून गेलीस. मी बराच वेळ बाहेरच्या खोलीत तुझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर एकटाच उभा होतो. मग भाऊजींनी मला खुणेने चहा विचारला आणि मी खुणेनेच नको म्हणालो.

आता माझी मतं चारचौघांशी जुळत नाहीत यात माझा काय दोष? गेल्या वर्षी जो सिनेमा पाहून अख्खं गाव रुमाल भिजवत बाहेर पडलं, त्यात मी मध्यंतरानंतर छान झोपलो, आणि जागा झालो तेव्हा नायक अजून मरतच होता. मला विनोदी नाटकात हसू येत नाही आणि बातम्यांत येतं. कवितेच्या पुस्तकात कोरी जागा फार असते, तेवढ्यात एक बरी गोष्ट बसली असती, असंही मला वाटतं. पण ही मतं मी मनातच ठेवतो. बाइंडरने पुस्तकाची पाठ बघावी, पोटात शिरू नये. तीस वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत खळ, दोरा आणि दाबयंत्र यांच्या संगतीत काढली ती याच शिस्तीने. (एक अपवाद सोडून. हे पत्र त्या अपवादाबद्दल आहे.)

झालं असं की आमच्या ग्रंथपालबाईंनी मागच्या महिन्यात एक कार्यक्रम ठरवला. प्रत्येकाने उठून पुस्तक, सिनेमा किंवा मालिकेबद्दलचं असं मत सांगायचं, जे बोलायची आजवर हिंमत झाली नाही. कोणी वाद घालायचा नाही, कोणी हसायचं नाही. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, बावन्न माणसं आली. दाताचे डॉक्टर म्हणाले की त्यांना भुताचे सिनेमे बघताना फक्त भुतांचे दात दिसतात आणि त्यांना भुतांची कीव येते. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या की त्यांना पुस्तकापेक्षा त्यावरचा सिनेमाच नेहमी जास्त आवडतो, कारण त्यात कपडे दिसतात. यावर पहिल्या रांगेत असा काही सुस्कारा निघाला की बाईंना नियम पुन्हा वाचून दाखवावे लागले.

मग उठले आमचे निवृत्त मुख्याध्यापक. तू त्यांना एकदा पाहिलं आहेस, माझ्या खोलीत येऊन फाटक्या शब्दकोशाची विचारपूस करत होते ते. पत्नी गेल्यापासून एकटे असतात, आणि वाचनालय नसतं तर काय केलं असतं हे त्यांचं नेहमीचं वाक्य आहे. ते म्हणाले, समीक्षक म्हणतात की ही थोर कादंबरी मध्यावर रेंगाळते. माझं मत उलट आहे. मी ती पंधरा वर्षांत नऊ वेळा वाचली. दोनशे आठव्या पानावर नायक उंबरा ओलांडतो आणि पान उलटताच तो म्हातारा होऊन दारात उभा असतो. मधलं आयुष्य लेखकाने लिहिलंच नाही. एवढंच नव्हे, तर पानांचे आकडेसुद्धा दोनशे आठवरून एकदम दोनशे सत्तावन्नवर जातात. माणसाची वर्षं हरवली तशी पुस्तकाची पानंही हरवली. हे धाडस आपल्या भाषेत दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण न वाजवणारा मी एकटाच दिसलो असतो.

आक्का, ती पानं लेखकाने सोडलेली नाहीत. ती मी काढलेली आहेत.

जरा दमाने घे आणि पूर्ण वाच. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी वाचनालयाची ती प्रत माझ्याकडे शिवायला आली. टाके सोडले तर मध्ये तीन फर्मे असे निघाले जे मी जन्मात ऐकले नव्हते. (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. हे तुला मी आधीही सांगितलं आहे, पण तेव्हा तू वाटाणे सोलत होतीस.) आणि ती कादंबरी तर मला तोंडपाठ. नवव्या वर्षी मी तीन आठवडे तापाने पडलो होतो तेव्हा दुपारी दुपारी कपाळावर आणि डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून ती तूच मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली होतीस. तू वाचलेल्यात हे नव्हतं. या तीन फर्म्यांत नायकाचं नावसुद्धा येत नाही. नुसता वारा, मिठाचे ढीग, पुन्हा वारा. बांधणीत दुसऱ्याच पुस्तकाचे फर्मे घुसणं आमच्याकडे नेहमीचं आहे. मी स्वतः एका भूमितीच्या पुस्तकातून कोंबड्यांच्या रोगांची सोळा पानं काढली आहेत. मी चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात ते तीन फर्मे बाजूला ठेवले आणि पुस्तक शिवून टाकलं.

वर्षभराने दुसरी प्रत आली. तिच्यातही तोच वारा, तेच मीठ. तेव्हा कळलं की ही पानं कादंबरीचीच आहेत. शहाण्या माणसाने पहिली प्रत परत उसवली असती. मी मात्र ते फर्मे नीट वाचून पाहिले आणि मला मनापासून वाटलं की तापातली कादंबरीच जास्त चांगली होती. दोनशे आठ संपताना प्रकरण संपतं, दोनशे सत्तावन्नला नवीन सुरू होतं, कुठे वाक्यही तुटत नाही. पहिल्या प्रतीत माझी चूक होती, दुसरीपासून ते माझं मत झालं. गावात मी एकटाच बाइंडर. वाचनालयाच्या तीन आणि लोकांच्या घरच्या चार अशा सात प्रती माझ्या हाताखालून गेल्या, त्यांत मुख्याध्यापकांची स्वतःचीही एक. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. उलट पूर्वी ती परत यायला महिना लागायचा, आता पंधरा दिवसांत यायला लागली.

तर त्या संध्याकाळी मला वाटलं की आता उठावं आणि सांगून टाकावं. उठलोसुद्धा. पण सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बेत बदलला. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो की रोज साडेसातला लागणाऱ्या मालिकेतली सून मला आवडत नाही, सासूचंच सगळं बरोबर आहे, आणि ही मालिका दोन वर्षांपूर्वीच संपायला हवी होती. तुझी भावजय दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने वाद घातला नाही, हसलीही नाही, नियम तंतोतंत पाळला. पुढचे चार दिवस घरातही पाळला. (हल्ली माझ्याशी न बोलणाऱ्या बायकांची संख्या वाढत चालली आहे, हेही कळवून ठेवतो.)

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण कार्यक्रम संपताना ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात याच कादंबरीवर सरांचं व्याख्यान होईल आणि अध्यक्ष म्हणून लेखकाची मुलगी येणार आहे. म्हणजे भर सभेत, ज्या बाईने कादंबरीचं हस्तलिखित लहानपणी घरात पाहिलं असेल तिच्यासमोर, सर तिच्या वडिलांनी न केलेल्या धाडसाचं कौतुक करणार. मी काढलेल्या पानांपायी त्या भल्या माणसाचं हसं होणार. मला नोकरीचीही भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण ती दुसऱ्या नंबरची होती.

आठवडाभराने त्यांच्या घरी गेलो. टेबलावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले कागद होते, वर मथळा ‘अठ्ठेचाळीस पानांचं मौन’. त्यांनी स्वतः चहा केला, साखर विसरले, आणि सांगायला लागले की पत्नी गेल्यावर माणसं सांत्वनाला यायची आणि बोलत सुटायची, तेव्हा त्यांना फक्त त्या न लिहिलेल्या मधल्या भागाचा आधार वाटला होता. काही गोष्टी थोर माणसंसुद्धा लिहीत नाहीत, मग आपण का बोलावं, असं त्यांना वाटलं. हे ऐकल्यावर तर मी तसाच उठून घरी यायला हवं होतं. पण तीन आठवडे उरले होते. बिनसाखरेचा चहा संपवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं की किती प्रती. मी म्हणालो, सात.

“आणि त्या पानांत आहे काय?”

“वारा आहे, सर.”

“अठ्ठेचाळीस पानं?”

“मिठाचे ढीगही आहेत.”

त्यांनी टेबलावरचे कागद उचलून उपडे ठेवले. मला वाटलं आता हाकलतील. ते हळूच म्हणाले, “म्हणजे मी नऊ वेळा तुमचं पुस्तक वाचलं.” मग म्हणाले की ती पानं वाचल्याशिवाय आपण तोंड उघडणार नाही. चांगली निघाली तर हे कागद फाडून टाकू आणि चूक कबूल करू. वाईट निघाली तर बापाची पानं मुलीसमोर वाईट म्हणायची हिंमत लागेल, ती जमवू. पण काढायची कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघाली ते खरं सांगा. मी सांगितलं, माझ्याच.

काढलेल्या पानांचं काय केलं, असं तू विचारशील. बाइंडर कागद फेकत नाही. पट्ट्या कापून दुसऱ्या पुस्तकांच्या पाठींना आतून अस्तर लावलं. परवा एका मधमाश्यांच्या पुस्तकाची पाठ सोलली तर ‘आणि पश्चिमेचा वारा मात्र’ एवढंच हाती लागलं. मात्र काय, ते कुठल्या पुस्तकात आहे देव जाणे.

असो. मन मोकळं करावंसं वाटलं म्हणून लिहिलं, तुझ्याकडून काही हवं आहे म्हणून नव्हे. गुडघ्याला जप. भाऊजींना नमस्कार, तो खुणेने पोचवलास तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. — तुझ्याकडची प्रत पाठव. नवी आवृत्ती कित्येक वर्षांत निघालेली नाही, आणि लेखकाच्या मुलीकडे मागायची तर कशाला हवी ते सांगावं लागेल. माझ्या हाताखालून न गेलेली, मला माहीत असलेली प्रत एकच आहे. मी तिला टाकाही घालणार नाही, शपथ.

आणखी ता. क. — सरांना सांगितलं आहे की माझी आक्का ही कादंबरी कोळून प्यायली आहे. ते म्हणाले, त्या बाईंचं मत मला फार मोलाचं वाटेल. तेव्हा प्रतीसोबत चार ओळी लिही.

शेवटचा ता. क. — लिहू की नको असं पाच महिने चाललं होतं, लिहूनच टाकतो. त्या दिवशी तू रागाने आत गेलीस तेव्हा मी कपाटातून तुझी प्रत, तापात मला वाचून दाखवलीस तीच, काढून पाहिली. जुनी पुस्तकं कडा न कापता यायची, वाचणाऱ्याने सुरीने पानं फोडत पुढे जायचं. तुझी सगळी पानं फोडलेली आहेत. दोनशे नऊ ते दोनशे छप्पन मात्र छापखान्यातून आली तशीच मिटलेली आहेत. मी पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि भाऊजींनाही काही बोललो नाही. आक्का, मला त्याचा राग नाही. ते पुस्तक मला आजही तुझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि मी सात प्रतींत जे केलं ते त्या आवाजासारखं पुस्तक व्हावं म्हणून केलं. सरांना मात्र मी माझंच नाव सांगितलं आहे आणि ते तसंच राहील. म्हणून पाठवण्यापूर्वी तेवढी पानं फोड. धारदार सुरी घे, घाईने फोडलेली कड दातेरी होते आणि सरांची नजर बारीक आहे. आणि फोडता फोडता वाचलीसच, तर तुझं खरं मत मला कळव. मी कोणाला सांगणार नाही.