भात बंद केल्यानंतर

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायला बसले होते. पण पेन पुढे सरकेना. तुझे फोन दिसतात मला. शिवणाच्या कारखान्यात दिवस जातो, घरी आल्यावर बोलायचं त्राण उरत नाही, हे खरं. पण तेवढंच खरं नाही.

लेकीची परीक्षा बरी गेली. वरच्या मजल्यावरच्यांनी एकदाची गळती काढून घेतली. हे सध्या घरीच आहेत.

सुट्टी नाही, ताई. यांना बस चालवण्यावरून उतरवलंय.

भात-पाव सोडून भावोजींचं वजन उतरलं तेव्हा तुम्ही दोघं किती खूश होतात! फोनवर भावोजी यांना म्हणाले, "भात, पाव, बटाटा, सगळं विष आहे. बंद करा, मग बघा साखर कशी सुतासारखी सरळ येते." यांनी मनावर घेतलं. आणि एकदा घेतलं की ब्रह्मदेव आला तरी हे ऐकत नाहीत. डाळ बंद, फळंसुद्धा बंद. सकाळी अंडी आणि काळी कॉफी, की निघाले बस घेऊन. पँट ढगळ झाली म्हणून आरशासमोर मिरवायचे. मीच ती आत घेऊन दिली, हसत हसत. साखरेची गोळी मात्र पूर्वीचीच, पूर्वीइतकीच. डॉक्टरांना विचारावं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग त्या मंगळवारी थांब्यावर माणसं चढत असताना यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गाडी पुढे सरकून खांबावर गेली. पायरीवरच्या एका बाईंचा खांदा मोडला. लोक म्हणाले, ड्रायव्हर प्यायलाय. ताई, यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही.

दवाखान्यात आहाराचं सांगणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "गोळी साखर खाली ओढते. पोटात काही घातलंच नाही, तर ती कुठवर ओढणार?"

हे म्हणाले, "पण भात-पावातलं ते कार्ब वाईटच ना?"

"गोड सरबत, मैद्याचा पाव कमी करा की! पण डाळी, कोंड्यासकट धान्य, फळं, यांतही तेच असतं, आणि शरीराला ते लागतं. कुठलं आणि किती, एवढंच बघायचं. आणि जेवण बदलायचं तर गोळीचं काय, ते आधी विचारायचं."

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी मी मूठभर भात, डाळ, भाजी वाढली. हे नुसते ताटाकडे बघत बसले. "त्या बाईंना हात वर करता येत नाहीये," म्हणाले, "आणि मी जेवू?" मी भिंतीला टेकून बसले. दमले होते गं. शेवटी लेक शेजारी जाऊन बसली. "बाबा, तुम्ही जेवलात तरच मी जेवणार." मग जेवले, मान खाली घालून.

परवा हे त्या खांदा मोडलेल्या बाईंना भेटायला गेले होते. त्यांच्या मुलानं दारातूनच परत पाठवलं. आता यांना डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसवतील म्हणतात. गाडी परत मिळेल की नाही, साहेब काही बोलत नाहीत.

ताई, मला तुमचा राग आला होता. अजून आहे. भावोजींनी वाईट चिंतलं नव्हतं, कळतं मला. पण फोनवर तोंडातून काय निघेल याचीच धास्ती वाटायची. म्हणून हे लिहिलंय. लेक याचा फोटो आत्ताच तुला पाठवेल.

कारण काल यांची गोळी काढून देताना एकदम आठवलं, भावोजींनाही हीच गोळी आहे. आणि तेही गाडी चालवतात, तुला शेजारी बसवून. मी फुगून गप्प राहिले आणि तिकडे काही झालं तर? आजच त्यांना डॉक्टरांकडे ने. "मला काही होत नाही" म्हणतील. ऐकू नकोस. गाडीला हात लावू देऊ नकोस.

माझी समजूत नंतर काढ. आधी त्यांना जेवायला वाढ.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी