शेवटच्या बिस्किटाचा शब्द

प्रिय वन्सं,

असं म्हटलं की तुझ्या कपाळावर आठ्या पडतात, म्हणूनच मुद्दाम म्हटलं. वयाने धाकटी असलीस तरी नणंद ती नणंदच. रोज फोनवर बोलतो आपण, मग ही बया पत्र कशाला लिहीत बसली, असं वाटेल तुला. सांगते, पण शेवटी.

तुझा दादा आता नीट चालतो. चष्म्याच्या दुकानातही येऊन बसतो. गिऱ्हाईक नवी फ्रेम लावून आरशासमोर उभं राहिलं की नुसती मान हलवून बरं-वाईट सांगतो, आणि मी तासभर घसा कोरडा केला तरी लेकाचे त्याचंच ऐकतात.

लग्न होऊन आले तेव्हा तुम्हा भावंडांच्या त्या खेळाचा मला भारी राग यायचा. चहा झाला, बशीत एकच बिस्कीट उरलं, की तुमची जुंपायची. दुसऱ्याला ठाऊक नसलेला, जगात कुणी वापरत नसलेला इंग्रजी शब्द जो सांगेल, बिस्कीट त्याचं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांची अट होती : शब्दापाठोपाठ अर्थ मराठीत सांगायचा, त्यांना कळेल असा. नाहीतर बिस्कीट त्यांचं. बुटाच्या नाडीच्या टोकावरच्या टोपीला अ‍ॅग्लेट म्हणतात, हे कळून कुणाचं काय भलं होणार, असं मी मनात म्हणायची. तू बोर्बोरिग्मस म्हणालीस की मला वाटायचं, कुणाला तरी शिवीच दिली.

मग तुझ्या दादाच्या मेंदूत ती रक्ताची गाठ अडकली आणि वाचा गेली. घरी आणल्यावर त्याला पाणी म्हणता येईना, माझं नाव घेता येईना. बोलायला शिकवणाऱ्या बाई पेला, चमचा, कंगवा दाखवून दमल्या. आणि एका दुपारी खिडकीकडे बोट दाखवून तो स्वच्छ म्हणाला, डिफेनेस्ट्रेशन! मी फोनवर अर्थ पाहिला : माणसाला खिडकीतून बाहेर फेकून देणं. घरात आम्ही दोघंच. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात, सासूबाई समोर बसल्यासारखा, तो जुन्या सवयीने अर्थ सांगायला लागला. खिडकीतून... बाहेर... आणि स्वतःच दचकून थांबला. त्याला उकडत होतं गं, खिडकी उघडून हवी होती, एवढंच. मी ती उघडली आणि तिथेच उभी राहून रडले.

तुला हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तू सुरू केलंस. नोकरी, पोरं, स्वतःची धावपळ सांभाळून रोज सकाळी एक विचित्र शब्द फोनवर बोलून पाठवायचा, आणि अर्थ मात्र त्याने सांगायचा. बोर्बोरिग्मसमधून पोटातली गुडगुड आली, तिच्या मागून भूक आली. नाकाखालच्या खाचेला म्हणे फिल्ट्रम म्हणतात. त्यातून नाक आलं, ओठ आले. अ‍ॅग्लेटने तर अख्खा बूट आणला. ज्या शब्दांना मी नाकं मुरडली, त्यांनीच माझं घर पुन्हा बोलतं केलं. उपकाराची भाषा केली तर तू चिडशील, पण मला ते मानू दे. गेल्या आठवड्यात त्याने मला नावाने हाक मारली. ऐकूनही मी ओ दिली नाही, पुन्हा मारावी म्हणून.

आता पत्राचं कारण. फोनवर हे सांगता येत नाही, तो शेजारीच असतो. येत्या रविवारी सकाळी तो स्वतः तुला फोन करणार आहे. तुला चकित करायचंय त्याला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर सराव चालू असतो. लहानपणी तुला मारायचा तीच हाक, ‘मुंगे’. ‘मुं’पर्यंत येतो आणि अडतो, कारण या शब्दाला मागून ढकलायला कुठलाच इंग्रजी शब्द नाही. तेव्हा फोन उचललास आणि नुसता श्वास ऐकू आला, तर बंद करू नकोस. सुचवू नकोस, मधे बोलू नकोस, रडूही नकोस. नुसती थांब. चहा झालेला असेल, बशीत एकच बिस्कीट असेल. ते त्याला जिंकू दे.

तुझ्या शब्दांची ऋणी, आणि तुझीच,
वहिनी