बुरुजावरची हाक

आई, आज भुईकोट किल्ल्यात जाऊन आले. बीएचा निकाल लागला, आपल्या घरातली पहिली पदवी. बाबा पेढे घेऊन गल्लीभर फिरत होते तेव्हा मी एकटीच निघाले. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांचं फिरणं तिथंच थांबलं असतं. तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होते. तुझा चेहरा आठवतो, फोटोही आहे. आवाज मात्र आता आठवत नाही; तोच शोधायला गेले होते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तू मागासाठी सुताच्या कांड्या भरायचीस. शाळा सुटली की मी तिथंच टॉवेलांच्या ढिगाला टेकून बसायचे. मागांच्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून तुम्ही बायका नुसते ओठ हलवून बोलायचात. भूक लागली का, दप्तर कुठं टाकलंस, सगळं मला तुझ्या ओठांवरून कळायचं. घरी भाकरी थापतानाही तुझी ती सवय सुटायची नाही. बाबा चिडवायचे, "मोठ्यानं बोल की गं, हितं काय माग चालू हायत?"

किल्ल्यात मात्र तू मोकळी व्हायचीस. सुट्टीच्या दिवशी डबा बांधून आपण दोघीच यायचो. तू बुरुजावर चढली आहेस, पदर वाऱ्यानं फुगलाय, पलीकडं तलाव चमकतोय, आणि तू ओरडतेस, "अगं ए, वर ये की! लई गार हाय हितं!" रखवालदार खालून म्हणतो, "ओ मावशी, हळू. बुरूज पडंल तुमच्या आवाजानं." "तोफांनी न्हाय पडला, आन् माझ्यानं पडतोय व्हय!" माणसं हसतात. मी लाजून भिंतीतल्या दगडी हत्तीकडं तोंड करून उभी राहते.

आज त्याच बुरुजावर गेले. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, हे मला पाठ आहे. दगड वाहणाऱ्या बायका एकमेकींना कशा हाका मारत होत्या, ते आमच्या इतिहासाच्या एकाही पुस्तकात नव्हतं. पुढं शिकून मी तेच काम करणार आहे. कारखान्यातल्या बायकांशी बोलायचं, त्यांचं बोलणं जसंच्या तसं जपून ठेवायचं. सुरुवात तुझ्यापासून करायला हवी होती.

डोळे मिटून पुष्कळ वेळ उभी राहिले. वारा होता, बागेतल्या मुलांचा गलका होता. हाक काही आली नाही.

घरी येऊन शेवटी बाबांना विचारलंच, "आईचा आवाज कसा होता हो?" हातातला पेढा त्यांनी परत खोक्यात ठेवला. मग म्हणाले, "बारीक व्हता. लई बारीक."

ते कधी आपल्याबरोबर किल्ल्यात आलेच नव्हते. तुझा तो मोठा आवाज फक्त माझ्यापाशी होता, आई.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. वर तुझ्या तोंडचं जे लिहिलंय, त्यातला शब्द न् शब्द तुझाच आहे. पण वाचून पाहिलं, तर तो मला माझ्याच आवाजात ऐकू येतो.