एक कड सरळ राहू द्या

वहिनी,

तुम्ही परत येईपर्यंत थांबणार होते, पण गाडी साडेअकराची आहे. खोली रिकामी केली आहे, पोरांची टेबलं आजच लावून घ्या. माझी किल्ली फ्रिजवर ठेवली आहे.

अल्बमच्या तीसपैकी सव्वीस फोटोंच्या कडा कातरून झाल्या. उरलेले चार तुम्ही करा. नक्षीची कात्री शिवणाच्या डब्यात आहे. फोटोभोवतीच्या पांढऱ्या पट्टीतूनच कातरायचं आणि दर वेळी कात्रीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या खाचेत बसवायचा, नाहीतर नागमोड तुटते. घाई केली की तुटतेच.

गच्चीवरच्या फोटोची खालची कड मात्र मी सरळच ठेवली आहे. दादा म्हणेल, "एवढी काटेकोर बाई आणि एक बाजू विसरली!" म्हणू दे, पण कातरू देऊ नका. तिथे पांढरी पट्टी आलेली नाही, नक्षी थेट चित्रात जाईल. तुमच्या पायांपाशी जी लांबट सावली पडली आहे, ती माझी आहे. अकरा वर्षं या घरातले फोटो मीच काढत आले, त्यामुळे अख्ख्या अल्बममध्ये मी आहे ती तेवढीच.

तुमची वन्सं