गच्चीवरचं बाष्पीभवन

३ मे, शनिवार
ताईचा फोन. डॉक्टर म्हणालेत, बाबांच्या छातीला ओल अजिबात चालणार नाही. अठरा तारखेला ती येणार. त्यांच्या वरच्या खोलीचं छत कोरडं ठणठणीत दिसलं नाही, तर बाबांना घेऊन जाणार. म्हटलं, खुशाल ये, हात लावून बघ! बाबा माझ्याकडेच राहणार. उद्यापासून पहाटे पाचला उठून वॉटरप्रूफिंगचा अभ्यास.

४ मे, रविवार, सकाळी ९.४०
उठायला किंचित उशीर. तरी अकरा व्हिडिओ पाहिले. बारावा बघायची गरज वाटली नाही.
पर्याय दोन. पांढरा कोट किंवा काळी डांबरी शीट. बाबा म्हणाले, आधी भेगा भर, कठड्याच्या कडेने कोपऱ्यात सिमेंटची गोलाई कर, मग पांढरा लाव. या उन्हात काळ्याचा तवा होतो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय त्यांनी, मान्य. पण तेव्हा व्हिडिओ कुठे होते?
शीट फायनल.

८ मे, गुरुवार
शीट बसली. कारागीर भेगांवरून कटकट करत होता. गप्प केला. शीटखाली गेल्यावर त्या दिसणार कुणाला?

९ मे, शुक्रवार, दुपारी २
शीटवर बशीएवढे फुगे. कारागीर म्हणतो, खाली ओल अडकलीय, तिची वाफ होतेय. माझं मत : शीट सेट होतेय. चपलेने दाबून बघितले. एक चप्पल अजून गच्चीवरच चिकटलेली आहे.

१२ मे, सोमवार
पाण्याची टेस्ट. गच्चीच्या पाइपांत बोळे कोंबले, चार बोटं पाणी भरलं, कठड्यावर खडूने खूण केली. ही म्हणाली, अहो, बाबांच्या डोक्यावर तळं कशाला? हिला शास्त्र कळत नाही.

१३ मे
पाणी एक बोट उतरलं. बाष्पीभवन. ऊनच मेलं तसं आहे. बाबांना विचारलं, गळतंय का? म्हणाले, छे रे, मस्त झोप लागली. ऐक म्हणावं ताईला!

१४ मे
पुन्हा एक बोट. बाष्पीभवन. खुणेपर्यंत भरलं.
माझा दाढीचा मग सापडत नाही. या घरात शिस्तच नाही.

१५ मे
मोठं पातेलं गायब. मी डांबर ढवळायला नेलं, असा हिचा आरोप. कडाक्याचं भांडण. बाबा मध्ये पडले, सूनबाई, मिळेल गं, जातंय कुठे! बोलताना खोकत होते. धूळ फार आहे सध्या.

१६ मे
दोन बोटं. आज तर आभाळ होतं. ऊन नसतानाही बाष्पीभवन होतं का, बघायला हवं.
वर गेलो तर बाबांनी दारातच अडवलं. आत्ताच झाडलंय म्हणे, उद्या ये. छत बघायचं राहून गेलं. पण गळत असतं तर बाबांसारख्या गवंड्याला कळलं नसतं का?

१७ मे
बाबांचा खोकला खालपर्यंत ऐकू येतो. बोळे काढावेत का? नको. टेस्ट अर्धवट सोडणारा मी नव्हे.

१८ मे, रविवार
ताई आली. मी रुबाबात पुढे झालो, दार ढकललं. छतावर काळे डाग, पोपडे लोंबताहेत. बाबा कॉटवर, शेजारी भरलेली पिशवी. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, माझ्या हातून तांब्या सांडला. छतावर!
ताईने कॉटवरून लोंबणारी चादर उचलली. आमची चाहूल लागल्यावर घाईघाईने आत सरकवलेलं पातेलं, दोन बादल्या, माझा दाढीचा मग. सगळं काठोकाठ. रोज पहाटे उठून ते खिडकीतून ओतत होते. का नाही सांगितलंत, असं विचारलं. म्हणाले, तू इतक्या हौसेने खुणा करत होतास.
ताई चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिने बाबांची पिशवी उचलली. बाबांनी जाताना त्यांची जुनी थापी माझ्या हातात दिली. आधी भेगा, म्हणाले.

संध्याकाळी ६
बोळे काढले. उद्या पहाटे पाचला उठून भेगा भरणार. गोलाई केवढी ठेवायची ते बाबांना विचारायला हवं. दोनदा फोन उचलला, परत ठेवला.
वरची खोली रिकामी आहे. छत अजून टपटपतंय. दाढीचा मग धुऊन पुन्हा गळतीखाली ठेवला.