नावाडणीची तक्रार

प्रिय ठमे,

पूल बांधायचा तर बांधा, पण म्हणून त्या नावाडणीला एका ओळीत नदीवरून उठवायचं? तीन वर्षं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पलीकडे सोडते आहे, राक्षस मारून आलेल्याला आणि मार खाऊन आलेल्यालाही. आणि नवीन अपडेट आलं तर काठावर नुसती उलटी नाव. ‘ती गेली.’ एवढंच. कुठे गेली, का गेली, कुणाला काही सांगून गेली का, काही पत्ता नाही. घरातला जुना स्टोव्हसुद्धा माणूस याहून बऱ्या रीतीने बाहेर काढतो.

आता तू कपाळाला हात लावला असशील, की आईला तुझ्या गेममधली नावाडीण कुठून ठाऊक. सांगते. सगळंच सांगायचं म्हणून बसले आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि खरं ते राहून जातं, म्हणून पत्र. अक्षर चौथीतलं आहे, त्याच्या पुढे गेलंच नाही, तेव्हा हसू नकोस.

तू नोकरीला लागलीस तेव्हा लोक विचारायचे, मुलगी काय करते. मी म्हणायचे, कॉम्प्युटरवर असते. गेममधली गोष्ट लिहिते, दर तीन महिन्यांनी पुढे काय घडायचं ते ठरवते, हे सांगायला माझी जीभ वळायची नाही. बाकीच्यांच्या मुली नर्स, शिक्षिका, आणि माझी पऱ्या-राक्षसांत. मग एक दिवस धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालता घालता आमची मुकादमीणबाई म्हणाली, की तिचा जावई तोच गेम खेळतो आणि त्यातल्या गोष्टीसाठी जेवण विसरतो. मी पुढची चादर ओढली. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, माझ्याही फोनमध्ये घालून दे. तिने काय समजायचं ते समजून घेतलं.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या मोठ्या रोलरशेजारी बसून मी खेळते. तलवार मला चालवता येत नाही. तीन वर्षांत एक कोल्हा मारला, तोही चुकून. मी नुसती नावेत बसून इकडून तिकडे जायचे. कारण पहिल्याच दिवशी ती नावाडीण मला म्हणाली, ‘पाय पूस, मग बोल.’ ठमे, हातातला घास हातातच राहिला. हे वाक्य जगात दुसरं कोण बोलतं? मग एकेक ओळखत गेले. रडणाऱ्या शिपायाला म्हणाली, रडून झालं की वल्हं धर. राजपुत्राला म्हणाली, तू राजा असशील तुझ्या घरी. आधी तर अंगाचा तिळपापड झाला, की पोरीने आईला चारचौघांत उभी केली. पण मग बघितलं, लोक लढाया सोडून तिची बोलणी खायला नावेत बसायचे. रांग लावायचे. माझ्यासाठी आयुष्यात कुणी रांग लावली नव्हती. तुला सांगितलं नाही. काय सांगायचं, की मी रोज माझंच बोलणं ऐकायला जाते?

लहानपणी तू गोष्ट सांगायला लागलीस की मी म्हणायचे, शेवट सांग, दूध उतू जातंय. तू शेवट सांगायचीस आणि बाहेर जाऊन पायरीवर बसायचीस. मला वाटायचं, झालं एकदाचं. पायरीवर बसून तू उरलेली गोष्ट मांजराला सांगायचीस, हे शेजारणीने मला फार उशिरा सांगितलं.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. गोष्ट तुझ्या हातून काढून घेतली, आता तलवारींची नावं आणि औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलंय, म्हणालीस. खेळणाऱ्यांच्या फळ्यावर कुणीतरी तक्रार टाकली, हजारोंनी तिला अंगठे दिले, आणि वरच्या साहेबांनी तोच कागद तुझ्यापुढे ठेवला. त्यातली ओळ तू मला वाचून दाखवलीस. ‘जिने ही नावाडीण हाकलली, तिला स्वतःच्या आईची किंमत नसणार.’ मग म्हणालीस, “आई, ती पुढच्या भागात परत येणार होती गं.” पुरात पूल वाहून जाणार होता, सगळे तिला शोधत वरच्या अंगाला जाणार होते, आणि ती झोपडीच्या दारातून म्हणणार होती, आता आठवण झाली होय, पाय पुसा. हे सांगताना तू हसलीस आणि मग रडायला लागलीस. मी काय म्हटलं आठवतंय? असेल कुणी रिकामटेकडं, लक्ष देऊ नकोस. आणि फोन ठेवला. चादरी आल्यात म्हटलं. चादरी आल्या नव्हत्या.

ते रिकामटेकडं मी होते. रोलरशेजारी बसून फोनमध्ये बोलले, हल्ली बोललं की लिहिलं जातं. लिहिणारी तू आहेस हे मला माहीत नव्हतं, असं लिहिलं तर मी सुटेन, पण ते खोटं आहे. माहीत होतं, म्हणूनच ‘जिने’ म्हटलं. मला वाटलं, तू मलाच उठवलंस. तीन महिने थांबायचा धीर धरला नाही. कधी धरला होता म्हणा. तक्रार मी पुसून टाकली, पण मुकादमीणबाईचा जावई म्हणतो, लोकांनी ती कधीच उतरवून घेतली आहे. आता एकच सुचतं. त्याच फळ्यावर लिहायचं, की ही तक्रार लिहिणारी म्हातारी म्हणजे तिची आईच, तिचं काही चुकलं नाही, गोष्ट तिच्या हातात परत द्या. पण या वेळी तुला विचारल्याशिवाय मी एक अक्षर बोलणार नाही. आईनेच घात केला हे जगाला कळलेलं तुला चालणार नसेल, तर तसं लिही. मला शिव्या द्यायच्या असतील, तर त्याही लिही. वीस तारखेला नवीन भाग येतोय, म्हणजे वेळ थोडाच आहे. बारा तारखेच्या शनिवारपर्यंत मला उत्तर पाहिजे, हो किंवा नाही. आणि फोन करू नकोस, लिहून पाठव. फोनवर मी परत मध्येच बोलेन.

तुझीच,
काठावर बसलेली आई